५१ टक्के, एक केटी आणि पीएचडीची ॲडमिशन

बीएस्सीला मला ५१ टक्के होते. केमिस्ट्री, मुंबई विद्यापीठ, आणि एसवायला फिजिक्सची एक केटी. आकडा आधीच सांगून टाकते, कारण "मार्क कमी असूनही पीएचडीला लागलो" असं सांगणाऱ्या बऱ्याच जणांचे कमी मार्क म्हणजे ६८ टक्के असतात आणि ते वाचून तेव्हा माझं डोकं फिरायचं.

मार्क का पडले नाहीत त्यात फार रहस्य नाही. बदलापूरहून कॉलेजला जाऊन-येऊन रोजचे चार तास लोकलमध्ये, संध्याकाळी घरी बारावीच्या पोरांच्या ट्यूशन कारण घरात पैसे लागायचे, आणि पेपरात जसं छापील उत्तर लिहावं लागतं तसं लिहायचा मला मनापासून कंटाळा. प्रॅक्टिकल आवडायचं. जर्नल वेळेवर, रीडिंग चांगली, व्हायव्हा चांगली, आणि मग थिअरीत ४५. टीवायला फिजिकल, इनऑरगॅनिक, ऑरगॅनिक, ॲनालिटिकल असे चार पेपर, त्यातला एकही माझा "स्ट्राँग" नव्हता आणि एकातही मी नापास नव्हते. वर्गात मधल्या बाकावर बसणारे जे असतात ना, ज्यांची नावं सरांना शेवटपर्यंत पाठ होत नाहीत, त्यातली मी.

टीवाय झाल्यावर सरळ नोकरी धरली, अंबरनाथ एमआयडीसीत, औषधांच्या कंपनीत क्यूसीला, म्हणजे माल तपासायच्या लॅबमध्ये. एचपीएलसी, लॉस ऑन ड्राइंग, कार्ल फिशर, आणि दर गोष्टीची लॉगबुकात नोंद, वेळ, सही, खाडाखोड झाली तर एकच रेघ मारून बाजूला तारीख. नाइट शिफ्टला झोप यायची पण काम मला जमत होतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथं पहिल्यांदा मला प्रश्न पडायला लागले. एक सॅम्पल होतं, त्यात कीटोन ग्रुप, त्याचं पाणी कार्ल फिशरवर मोजताना एंडपॉइंट यायचा आणि परत मागे जायचा, मशीन आपलं रिएजंट सोडतच राहायचं, आणि पाण्याचा आकडा वाढतच जायचा. सुपरवायझर म्हणाले, त्या सॅम्पलला दुसरी बाटली वापर, ती वेगळी आहे. का वेगळी आहे हे कुणी सांगेना. "एसओपीत लिहिलंय ना, मग झालं." (इथं एसओपी म्हणजे कामाची ठरलेली पद्धत. पुढे ॲडमिशनच्या फॉर्मला वेगळी एसओपी, म्हणजे आपल्याला काय आणि का करायचंय त्याचं निवेदन, लिहावी लागते, दोन्हींचा मला तितकाच वैताग आला.) मी घरी येऊन शोधलं. रिएजंटमधलं मेथॅनॉल आणि सॅम्पलमधलं कीटोन मिळून कीटल तयार होतं आणि त्यातून पाणी सुटतं, म्हणजे मशीन खोटं बोलत नव्हतं, पाणी खरंच नव्याने तयार होत होतं. दुसऱ्या बाटलीत मेथॅनॉल नव्हतं, एवढंच. हे कळलं त्या रात्री मला जेवढा आनंद झाला तेवढा बीएस्सीच्या तीन वर्षांत एकदाही झाला नव्हता, आणि मग डोक्यात आलं की आपल्याला हे असलं काम करायचंय, आणि आर अँड डीत जायचं तर एमएस्सीशिवाय कुणी विचारत नाही.

एमएस्सीच्या मेरिट लिस्ट मुंबईत कशा लागतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. ऑरगॅनिक आणि ॲनालिटिकल आधी भरतात, कारण फार्मा कंपन्यांना तेच पाहिजे असतात. माझ्या टक्क्यांना पहिल्या लिस्टमध्ये नाव यायचा प्रश्नच नव्हता, दुसऱ्यातही नाही. शेवटी एका कॉलेजात फिजिकल केमिस्ट्रीची सीट उरली होती ती घेतली. आत्या म्हणाली, "अगं नोकरी सोडून फिजिकल? त्याला स्कोप काय?" खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. पण एक गोष्ट झाली, ती आधी कुणी सांगितली असती तर मी ती सीट उड्या मारत घेतली असती. बॅच छोटी होती. ऑरगॅनिकच्या वर्गात सरांना पोरांचे चेहरे लक्षात राहायची मारामार, आणि आम्ही मोजकेच, त्यामुळे सर आमच्याशी तासभर फळ्यासमोर उभं राहून भांडायचे. पुढे जे रेकमेंडेशन लेटर लागतं ते अशाच माणसाकडून येतं.

पहिल्या सेमिस्टरला मी काय केलं तर अकरावी-बारावीची केमिस्ट्री परत वाचली. नाही, लाजण्यासारखं काही नाही त्यात, शिकवतच होते मी ती. पण शिकवणं वेगळं आणि स्वतःला "का" विचारत वाचणं वेगळं. मोल, इक्विलिब्रियम, बफर, थर्मोचा पहिला आणि दुसरा नियम, एवढं पक्कं झाल्यावर एमएस्सीचं अर्धं आपोआप सोपं झालं. बाकी क्वांटमसाठी एनपीटीईएलची लेक्चर, फुकट आहेत, आयआयटी आणि आयआयएस्सीचे प्रोफेसर शिकवतात, लोकलमध्ये डाउनलोड करून ऐकायचे, कारण कर्जत लाइनला अंबरनाथच्या पुढे नेटवर्कचा भरवसा नाही.

प्रोजेक्टला मला मिथिलीन ब्लू मिळालं. निळा रंग, त्यात कॅटॅलिस्ट टाकायचा, उजेडात ठेवायचं, रंग किती उडाला ते यूव्हीवर ६६४ नॅनोमीटरला मोजायचं. महाराष्ट्रातल्या निम्म्या एमएस्सी प्रोजेक्टांमध्ये हेच असतं, हसू नका. माझा रंग झकास उडत होता, ग्राफ सरळ रेषेत, मी खूश. सरांनी ग्राफ बघितला आणि विचारलं, "अंधारात केलंस का?" म्हणजे तेच सगळं, पण उजेड न देता. केलं, तर अंधारातही रंग चांगलाच कमी झाला. कारण डाय कॅटॅलिस्टच्या पावडरीवर जाऊन चिकटतो, उडत वगैरे काही नाही. मग आधी अंधारात ढवळत ठेवायचं, चिकटायचं ते चिकटून होऊ द्यायचं, त्यानंतर दिवा लावायचा, आणि तिथून मोजायला सुरुवात. ग्राफ पहिल्यापेक्षा बराच कमी देखणा आला. सर म्हणाले, "आता हा तुझा आहे." माझ्या लेटरमध्ये सरांनी नेमकं हेच लिहिलं होतं असं मला नंतर कळलं, की ही मुलगी कमी छान दिसणारा पण खरा आकडा घेऊन आली. "मेहनती आणि सिन्सिअर" असलं लेटर एचओडींकडून मिळालं असतं, सही मोठी, मजकूर कुणालाही लागू पडेल असा. ज्यांनी तुमचं काम बघितलंय त्यांच्याकडूनच घ्या, मग ते साधे असिस्टंट प्रोफेसर का असेनात.

एमएस्सीला ६३ आले. डिस्टिंक्शन नाही, पण ६०च्या वर, आणि ते ६० का लागतात ते आता सांगते, कारण ह्यातच सगळा खेळ आहे आणि मला तो समजायला फार वेळ लागला.

मी धरून चालले होते की ५१ टक्के म्हणजे सगळीकडची दारं बंद. तसं नसतं. टक्के कुठे मोजतात आणि कुठे मोजतच नाहीत हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. सीएसआयआर-नेट घ्या, म्हणजे सायन्सच्या फेलोशिपसाठी आणि असिस्टंट प्रोफेसर व्हायला द्यावी लागते ती देशपातळीवरची परीक्षा. त्याला एमएस्सीला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. एमएस्सी झालेल्याला बीएस्सीचे टक्के कुणी विचारत नाही. गेट ही दुसरी तसलीच परीक्षा, तिचा पेपर १०० मार्कांचा, त्यात १५ ॲप्टिट्यूडचे, आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. बीएस्सीनंतर लगेच एमएस्सीला चांगल्या ठिकाणी जायचं असेल तर जॅम आहे, ६० प्रश्न, १०० मार्क, सीट त्या स्कोअरवर, पण संस्था आपापल्या टक्क्यांच्या अटी लावतात तेव्हा ब्रोशर शेवटच्या पानापर्यंत वाचा. टीआयएफआर ही मुंबईतली संशोधन संस्था स्वतःची परीक्षा घेते, फिजिक्सवाल्यांना जेस्ट ही वेगळी परीक्षा आहे. आणि पीएचडीच्या जाहिरातींमध्ये बऱ्याच ठिकाणी मास्टर्सला ५५ किंवा ६० असं असतं, म्हणून ते ६३.

तरीही काही जाहिरातींत एक वाक्य येतं, "गुड अकॅडेमिक रेकॉर्ड", आणि ते वाचून माझ्यासारखे लोक टॅब बंद करतात. मीही करायचे. मग एकदा एका संस्थेच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडून एक काका, शांतपणे,

"मास्टर्सला किती मॅडम?"

"६३."

"नेट आहे?"

"देतेय आता."

"मग भरा ना फॉर्म. बीएस्सीचं कॉलम भरायचं फक्त, त्याच्यावर काही अडत नाही इथं."

एवढंच. एक फोन. अर्थात सगळीकडे असे काका नसतात. एका ठिकाणी "फर्स्ट क्लास थ्रूआउट" अशी अट सरळ छापलेली होती, तिथं फी भरून उपयोग नाही, आणि एका ठिकाणी अट नसताना शॉर्टलिस्टला उडवलं आणि विचारलं तर उत्तरच नाही. त्याचं वाईट वाटलं. पण वाईट वाटून घ्यायला फार वेळ नव्हता, नेट समोर होती.

नेटचं माझ्यासारख्यांनी नीट समजून घ्या, कारण तो पेपर मधल्या बाकावरच्यांसाठी तितका वाईट नाही जितका लोक सांगतात. केमिकल सायन्सेसला पार्ट ए जनरल ॲप्टिट्यूड, २० पैकी १५ सोडवायचे. पार्ट बी, ४० पैकी ३५. आणि पार्ट सी, जो सगळ्यांना घाबरवतो, त्यात ६० प्रश्न असतात पण सोडवायचे फक्त २५, प्रत्येकी ४ मार्क. म्हणजे २०० पैकी १०० मार्क अशा भागात आहेत जिथे अर्ध्याहून जास्त प्रश्न तुम्ही सरळ सोडून देऊ शकता. सगळा सिलॅबस थोडा थोडा येणाऱ्यापेक्षा मोजके टॉपिक तळापर्यंत येणाऱ्याला तो पार्ट जास्त मानवतो. मी टोटल सिंथेसिसच्या नादाला लागलेच नाही. कायनेटिक्स, थर्मो, इलेक्ट्रोकेमिस्ट्री, स्पेक्ट्रोस्कोपी, ग्रुप थिअरी, कोऑर्डिनेशन केमिस्ट्री, आणि ऑरगॅनिकमधलं पेरिसायक्लिक, बस. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या मार्कांचा पाव हिस्सा कापतात तेव्हा "बघू लागलं तर" हा प्रकार बंद. पार्ट एला क्लासवाले दुर्लक्ष करायला सांगतात, माझं मत उलटं आहे, ते ३० मार्क आठवी-नववीच्या गणिताचे आहेत, ते का सोडायचे?

आधी असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडीवाल्या कॅटेगरीत नाव आलं, जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना दरमहा पैसे देणारी फेलोशिप, नाही. २०२४ पासून नेटच्या निकालात तीन कॅटेगऱ्या असतात, जेआरएफ, मग असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडी, आणि मग फक्त पीएचडी. खालच्या दोघांना फेलोशिप मिळत नाही, पण विद्यापीठात पीएचडीला नेटचे मार्क ७० टक्के आणि इंटरव्ह्यू ३० टक्के असा हिशोब धरतात, आणि तो निकाल वर्षभरच चालतो. घरी पेढे वाटायला निघाले होते, मी म्हटलं थांबा. परत दिली आणि मग जेआरएफ आली. फरक पैशाचा आहे आणि तो लहान नाही, जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,०००, दोन वर्षांनी एसआरएफ ह्या वरच्या पायरीला ४२,०००, वर घरभाडं. पण पैशापेक्षा मोठा फरक म्हणजे जेआरएफवाला उमेदवार स्वतःचा पगार घेऊन येतो, गाइडला किंवा संस्थेला पदरचं काही द्यावं लागत नाही. पवईला, म्हणजे आयआयटी बॉम्बेला, तर फेलोशिपवाल्यांची कॅटेगरीच वेगळी असते, एफए म्हणतात. ५१ टक्केवाल्या मुलीकडे लोकांनी दुसऱ्यांदा वळून पाहिलं ते ह्यामुळे, उगाच माझ्यात काही दिव्य दिसलं म्हणून नाही.

एसओपीबद्दल थोडंच सांगते. "लहानपणापासून मला विज्ञानाची आवड" हे वाक्य माझ्याही पहिल्या ड्राफ्टमध्ये होतं, सरांनी त्यावर लाल फुली मारली आणि बाजूला लिहिलं "कुणाला नसते?" मग मी कार्ल फिशर आणि अंधारातला प्रयोग ह्या दोनच गोष्टी लिहिल्या. कमी मार्कांवर दोन वाक्यं, बीएस्सी करताना मी ट्यूशन घेऊन घरखर्चाला हातभार लावत होते, त्यानंतरचा माझा रेकॉर्ड पुढीलप्रमाणे. बस्स. रडगाणं नाही, सबबी नाहीत.

आता इंटरव्ह्यू. कांजूरमार्गला उतरून शेअर रिक्षा, फाइल छातीशी धरलेली, आणि डिपार्टमेंटच्या कॉरिडॉरमध्ये सगळे एकमेकांना "तू कुठून?" विचारतायत. आत गेले, पाच जण बसलेले. पहिला प्रश्न, दहाचा उणे आठवा घात मोलर एचसीएलचा पीएच किती? हा प्रश्न इतका जुना आहे की त्याला पेन्शन द्यायला हवी, पण तरी विचारतात. आठ म्हटलं की गेलात, ॲसिड आहे ते, सातच्या वर कसं जाईल, पाण्याचे स्वतःचे आयन धरायचे, सहा पॉइंट अठ्ठ्याण्णवच्या आसपास येतं. ट्यूशनमध्ये शंभरदा शिकवलेलं. मग एका सरांनी माझा सीव्ही खाली ठेवला आणि म्हणाले, तुम्ही क्यूसीत होतात, कार्ल फिशर करायचात, मग बोर्डवर जा आणि पाण्याला आयोडीन किती लागतं ते दाखवा.

एकास एक, मोलला मोल. लिहिलं. बेस कशाला? लिहिलं. एंडपॉइंट मशीनला कळतो कसा? दोन प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड, पाणी संपलं की आयोडीन उरतं आणि व्होल्टेज एकदम पडतं. सॅम्पलमध्ये कीटोन असेल तर? मला हसूच आलं. कीटल काढलं, पाणी सुटताना दाखवलं, आकडा जास्त येतो म्हटलं. तेव्हा कोपऱ्यातल्या मॅडम पहिल्यांदा बोलल्या, "आणि आकडा कमी कधी येईल?"

हे मला माहीत नव्हतं. म्हटलं, माहीत नाही, पण विचार करून बघू का. त्या म्हणाल्या, बघा. मग हिंट दिली, तुमच्या भांड्यात सल्फर डायऑक्साइड आहे, बेस आहे, पाणी आहे, आता तिथं अल्डिहाइड टाका. मी खडू धरून उभी. आणि मग लक्षात आलं की अरे, बायसल्फाइट ॲडिशन! बारावीच्या पोरांकडून घोकून घेते मी हे. सल्फर डायऑक्साइड आणि पाणी मिळून अल्डिहाइडला चिकटणार, म्हणजे पाणी त्यातच खर्ची पडणार, मोजायला कमी उरणार. मॅडमनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. बीएस्सीच्या मार्कशीटवर एकांनी बोट ठेवलं, "इथं काय झालं?" मी एसओपीतली तीच दोन वाक्यं सांगितली, त्यांनी पान उलटलं आणि मिथिलीन ब्लूवर आले. माझ्या अंदाजाने मार्कांवर अर्धा मिनिट गेला असेल, फळ्यावर अर्धा तास.

लिस्टमध्ये नाव आलं त्याआधी दोन ठिकाणी नाही आलं हेही सांगायला हवं. त्यातल्या एका ठिकाणी सगळं उत्तम झालं होतं असं मला वाटत होतं, त्या वर्षी त्या ग्रुपमध्ये जागाच नव्हती. हे बाहेरून कळत नाही. म्हणून फॉर्म भरण्याआधी गाइड होऊ शकतील अशांची नावं बघून त्यांना ईमेल टाका, चार ओळींची, त्यांच्या कामातलं नेमकं काहीतरी वाचून. बहुतेक उत्तर देत नाहीत. जे देतात ते एका ओळीत देतात, "या वर्षी जागा नाही" किंवा "अप्लाय करा". ती एक ओळ फॉर्मच्या फीपेक्षा किमती आहे.

बाहेरच्या देशांचं मला फार विचारतात. मी गेले नाही, पण एमएस्सीतली मैत्रीण अमेरिकेला गेली, तिचेही बीएस्सीला मार्क यथातथाच. तिकडे सायन्सच्या पीएचडीला सहसा फी माफ आणि टीए म्हणून, म्हणजे शिकवायला मदत करायचे, पैसे असतात, बऱ्याच डिपार्टमेंटनी जीआरई काढून टाकलीय, आणि लेटरना आपल्याकडच्यापेक्षा खूपच जास्त वजन. जर्मनीत पीएचडीची जागा नोकरीसारखी निघते, थेट प्रोफेसरला अर्ज. पण अप्लिकेशन फी, टोफेल, ट्रान्स्क्रिप्ट ह्यांचा खर्च मिळून घरचं बजेट हलतं, तेव्हा आधी बेरीज करून घ्या.

बेरजेवरून आठवलं. ॲडमिशन झाली, होस्टेलची खोली मिळाली, आईने डब्यात बेसनाचे लाडू भरून दिले, आणि मग कळलं की फेलोशिपचे पहिले पैसे लगेच येत नाहीत. जॉइनिंग रिपोर्ट, बँकेचे कागद, गाइडची सही, ऑफिसची सही, मग ते वर जाणार, मग कधीतरी एकदम थकबाकीसकट जमा होणार. तोवर मेसचं बिल मात्र वेळेवर येतं. त्यामुळे तीन-चार महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच नोकरी किंवा ट्यूशन सोडा. मी शनिवार-रविवार बदलापूरला जाऊन दिवाळीपर्यंत इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा चॅप्टर पूर्ण करून दिला पोरांना, फी आधीच घेतली होती ना.